कांद्याचा पापुद्रा आणि सूक्ष्मदर्शक यंत्र

पुणे-नाशिक रस्त्याने मोशी सोडून इंद्रायणी ओलांडली, की चाकणच्या अलीकडे कुरुळी हे गाव लागते. या पट्ट्यात आज कारखान्यांची छपरे आणि गोदामे दाटीने उभी आहेत. तथापि खेड तालुक्याच्या उरलेल्या रानांत कांद्याचे पीक अद्याप टिकून आहे आणि चाकणच्या बाजाराची ओळखही कांद्याने राखलेली आहे. गेल्या रब्बी हंगामात कुरुळी येथे शेतकऱ्यांच्या एका बैठकीस जाण्याचा योग आला. भाषण करण्याऐवजी आम्ही एक साधे सूक्ष्मदर्शक यंत्र बरोबर नेले, खिडकीजवळच्या मेजावर ते मांडले आणि कांद्याचा पातळ पापुद्रा त्याखाली ठेवून एकेकास पाहावयास सांगितले.

एक वयोवृद्ध शेतकरी बराच वेळ नळीला डोळा लावून बसले. मग म्हणाले, “साहेब, सारा जन्म कांद्यात गेला; पण कांद्याला इतक्या खोल्या असतात, हे आज कळलं.” त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका तरुणाने विचारले, “हे बघून कांद्याचा भाव वाढणार आहे का?”

हा प्रश्न रास्त आहे. सूक्ष्मदर्शक यंत्राने भाव वाढत नाही. परंतु पिकावर काय आले आहे हे न पाहता औषधावर जो पैसा खर्च होतो, तो त्याने वाचू शकतो. शिवाय खत, पाणी, सुकवणी आणि साठवण यांविषयी ज्या शिफारशी आपण ऐकतो, त्यांचे कारण डोळ्यांनी पाहावयास मिळते. आणि कारण कळले म्हणजे शिफारस विसरली जात नाही. म्हणून या यंत्राची व त्याने दाखविलेल्या पेशींची ओळख शेतकरी बंधूंना करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

न पाहता दिलेला सल्ला

प्रथम एक चूक सांगणे अगत्याचे आहे. ती प्रस्तुत लेखकाचीच आहे. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका गावी कांद्याची पात पांढुरकी होऊन शेंडे वाळत असल्याचे पाहिले. रस्त्यालगत उभे राहूनच आम्ही “करपा आहे” असे सांगितले आणि बुरशीनाशकाची फवारणी सुचविली. पहिल्या फवारणीने गुण आला नाही, म्हणून दुसरी सुचविली. तिचाही उपयोग झाला नाही. तेव्हा खिशातील दसपट मोठे दाखविणारे भिंग काढून पातीच्या बेचक्यांत पाहिले, तो तेथे जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे पिवळसर फुलकिडे दाटीने बसलेले होते. पातीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला; बुरशीचा एकही बीजाणू दिसला नाही.

मधल्या काळात त्या शेतकऱ्याचे दोन फवारण्यांचे पैसे व्यर्थ गेले आणि पीकही मागे पडले. त्याने दोष दिला नाही. एवढेच म्हटले, “भिंग खिशातच होतं ना साहेब? आधी काढायचं.” हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही.

फुलकिड्यांमुळे पात पांढरी का दिसते, याचे उत्तरही पेशीतच आहे. हा कीटक पातीचा पृष्ठभाग खरवडून वरच्या थरातील पेशींमधील रस शोषून घेतो. रिकाम्या झालेल्या पेशींत हवा भरते आणि तीवरून प्रकाश परावर्तित झाल्याने तेथे चांदीसारखे पांढरे चट्टे दिसतात. म्हणजे तो रंग बुरशीचा नसून रिकाम्या पेशींचा असतो. बुरशीनाशकाने त्या भरून येतील, ही आशाच चुकीची होती.

पेशींचा शोध

पेशी प्रथम कोणी पाहिली? इसवी सन १६६५ हे वर्ष आपल्याकडे पुरंदरच्या तहाचे म्हणून सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच वर्षी लंडन येथे रॉबर्ट हूक या संशोधकाचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भिंगांच्या साहाय्याने पाहिलेल्या सुईचे टोक, पिसू, ऊ अशा नाना वस्तूंची मोठी रेखाटने त्यात आहेत. हूकने बाटलीच्या बुचाचा, म्हणजे एका झाडाच्या सालीचा, अतिशय पातळ काप धारदार चाकूने काढला आणि तो काळ्या पट्टीवर ठेवून पाहिला. त्यास मधाच्या पोळ्यासारखे लहान लहान कप्पे दिसले. या कप्प्यांस त्याने ‘सेल’, म्हणजे लहानशी खोली, असे नाव दिले. त्यासच आपण पेशी म्हणतो. कुरुळीच्या त्या वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडी आलेला शब्दही ‘खोल्या’ हाच होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हूकने मोजदादही केली. एक इंच लांबीच्या ओळीत त्यास १,०८० कप्पे बसतात असे आढळले. त्या हिशोबाने एक घन इंच बुचात सुमारे १२६ कोटी कप्पे होतात. मात्र त्याने पाहिलेल्या पेशी मृत होत्या. खोलीच्या भिंती त्याने पाहिल्या. आत राहणारा जीव निघून गेलेला होता.

जिवंत सूक्ष्म प्राणी पाहण्याचा मान हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापड व्यापाऱ्याकडे जातो. कापडाचे धागे तपासण्यासाठी त्या व्यवसायात भिंग वापरीत. लेव्हेनहूक स्वतः भिंगे घासून तयार करी आणि त्याचे उत्तम भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवीत असे. पाण्यात वळवळणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन त्याने १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविले.

यानंतर ज्ञान सावकाश वाढत गेले. १८३१ साली रॉबर्ट ब्राउन याने ऑर्किडच्या पेशीतील केंद्रकाकडे लक्ष वेधले. १८३८ साली श्लायडेन याने वनस्पतींचे शरीर पेशींचे बनलेले असते असे प्रतिपादन केले आणि १८३९ साली श्वान याने तेच प्राण्यांविषयी सांगितले. १८५५ साली फिरखो याने प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते, हे सूत्र ठामपणे मांडले. हूकचा पहिला काप आणि हे सूत्र यांत १९० वर्षांचे अंतर आहे.

शेतीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हूकने गुलाबाच्या पानावरील तांबेरा आणि चामड्यावरील बुरशी यांचीही चित्रे काढली होती. परंतु ही बुरशी कुजणाऱ्या पदार्थातून आपोआप निर्माण होते, असा त्याचा समज होता. हा समज दीर्घकाळ टिकला. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक करप्याने नष्ट होऊन भीषण दुष्काळ पडला, तेव्हाही अनेक विद्वान बुरशी हे रोगाचे कारण नसून रोगाचा परिणाम आहे असे मानीत. १८६१ साली जर्मनीतील द बारी या शास्त्रज्ञाने बुरशी हेच बटाट्याच्या करप्याचे कारण असल्याचे सिद्ध केले. रोगाचे कारण कळल्याशिवाय त्यावरील उपाय अंधारात चाचपडण्यासारखा असतो, याचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

यंत्राची ओळख

शाळेतून वापरले जाणारे सूक्ष्मदर्शक यंत्र रचनेने साधे असते. डोळ्याजवळ असते ते नेत्रभिंग. पाहावयाच्या वस्तूजवळ असते ते वस्तुभिंग. नेत्रभिंग बहुधा दहापट मोठे दाखविणारे असते. वस्तुभिंगे एका फिरत्या चकतीवर बसविलेली असून त्यांवर ४, १०, ४० असे आकडे कोरलेले असतात. दोन्ही भिंगांच्या आकड्यांचा गुणाकार केला म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते ते कळते. दहाच्या नेत्रभिंगाबरोबर दहाचे वस्तुभिंग लावल्यास वस्तू १०० पट दिसते, चाळिसाचे लावल्यास ४०० पट.

वस्तू ठेवण्याच्या पाटास मंच म्हणतात. त्यास मध्यभागी छिद्र असते आणि खाली आरसा अथवा लहान दिवा असतो. प्रकाश खालून वस्तूच्या आरपार जाऊन भिंगांत शिरतो. म्हणूनच वस्तू इतकी पातळ असावी लागते, की तीतून उजेड पार जाईल. जाड तुकडा ठेवल्यास केवळ काळोख दिसतो.

यंत्र हाताळताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. यंत्र उचलताना एका हाताने त्याचा दांडा धरावा व दुसरा हात बैठकीखाली ठेवावा. आरशाने खिडकीतील उजेड घ्यावा. आरसा थेट सूर्याकडे कदापि करू नये, त्यामुळे डोळ्यास कायमची इजा होऊ शकते. आरंभ नेहमी लहान आकड्याच्या भिंगाने करावा. बाजूने पाहत भिंग काचपट्टीच्या जवळ आणावे आणि मग नळीतून पाहत ते हळूहळू दूर नेऊन चित्र स्पष्ट करावे. नळीतून पाहत असता भिंग खाली आणू नये. काचपट्टी फुटते आणि भिंगावर ओरखडे पडतात.

यंत्रात वस्तूची प्रतिमा उलटी दिसते. काचपट्टी उजवीकडे सरकविली, की चित्र डावीकडे जाते. नवख्या माणसाचा येथे गोंधळ होतो, परंतु पाच मिनिटांत हाताला सवय लागते.

पापुद्र्याची काचपट्टी

कांद्याची निवड पुस्तकांतून केली जाते ती उगाच नव्हे. त्याच्या मांसल थराच्या आतील बाजूस एक पातळ पारदर्शक पापुद्रा असतो आणि तो एकाच पेशीच्या जाडीचा असतो. हूकला जो काप धारदार चाकूने परिश्रमपूर्वक काढावा लागला, तो कांदा आपणांस विनासायास देतो.

कांदा उभा चिरून एक मांसल थर सुटा करावा. तो मोडला, की आतील बाजूचा पापुद्रा लोंबतो. तो चिमट्याने ओढून नखाएवढा तुकडा घ्यावा. काचपट्टीवर स्वच्छ पाण्याचा एक थेंब टाकून त्यावर तो सुरकुती न पडता पसरावा. औषधाच्या दुकानात मिळणारे टिंक्चर आयोडिन पाण्यात पातळ करून त्याचा एक थेंब वर टाकावा. मग पातळ झाकणकाच एका कडेवर टेकवून तिरपी धरावी व अलगद खाली सोडावी, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. जास्तीचे पाणी टिपकागदाने शोषून घ्यावे. ठळक काळ्या कडेची वाटोळी वर्तुळे दिसली, तर ते बुडबुडे समजावेत. पुष्कळजण त्यांनाच पेशी समजून समाधान मानतात.

शंभरपट दाखविणाऱ्या भिंगाखाली विटांच्या बांधकामासारख्या लांबट पेशी एकमेकींना लागून बसलेल्या दिसतात. प्रत्येकीस स्वतंत्र भिंत असते, तीस पेशीभित्ती म्हणतात. आयोडिनमुळे प्रत्येक पेशीत एक पिवळसर तपकिरी ठिपका उठून दिसतो. ते केंद्रक होय. पेशीचा कारभार आणि आनुवंशिक गुण यांचे ते स्थान आहे. मधला मोठा भाग रसाने भरलेल्या पोकळीचा असतो. तीस रसधानी म्हणतात. कांद्याची पात मात्र हिरवी असते, कारण तिच्या पेशींत हरितद्रव्याचे कण असतात. जमिनीखालच्या कांद्यात ते नसतात, कारण तेथे उजेड नाही आणि अन्न तयार करण्याचे कामही नाही. तेथे फक्त साठवण आहे.

पेशीची लांबी मोजावयाची असल्यास पारदर्शक मोजपट्टी चाराच्या भिंगाखाली ठेवून दृष्टिक्षेत्रात किती मिलिमीटर मावतात ते पाहावे. ते साडेचार भरले, तर दहाच्या भिंगाखाली दृष्टिक्षेत्र सुमारे १.८ मिलिमीटर असणार. त्यात सहा पेशी टोकाला टोक लागून बसल्या, तर एका पेशीची लांबी ०.३ मिलिमीटर झाली. शाळेतील मुलेही हा हिशोब सहज करतात.

मिठाच्या पाण्याची परीक्षा

बैठकीत सर्वांत अधिक चर्चा झाली ती पुढील प्रयोगाची. लाल कांद्याच्या मांसल थराची बाहेरील जांभळट साल घ्यावी. येथे आयोडिन घालू नये, कारण पेशी जिवंत हव्यात. साध्या पाण्यात पाहिल्यास जांभळा रस संपूर्ण पेशी व्यापून असलेला दिसतो. आता १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवावे, त्याचा थेंब झाकणकाचेच्या एका कडेस सोडावा आणि दुसऱ्या कडेस टिपकागद लावावा, म्हणजे मिठाचे पाणी आत ओढले जाते. थोड्याच वेळात पेशीतील जांभळा भाग आक्रसू लागतो, भिंतीपासून सुटतो आणि मध्यभागी गोळा होतो. बाहेरचे पाणी आतल्या रसापेक्षा अधिक खारट झाल्यामुळे पेशीतील पाणी बाहेर निघून जाते.

लगेच साधे पाणी सोडले, तर जांभळा भाग पुन्हा पसरून पेशी भरते. परंतु फार उशीर केला अथवा मिठाचे प्रमाण फार वाढविले, तर पेशी मरते आणि पुन्हा उभी राहत नाही.

रोपाच्या बुडाशी खताची मूठ पडली की रोप का करपते, प्रमाणाबाहेर तीव्र द्रावण फवारले की पातीचे शेंडे का जळतात, खारवट विहिरीच्या पाण्यावर ओल असूनही पीक सुकल्यासारखे का दिसते, या सर्वांचे उत्तर त्या एका काचपट्टीवर आहे. खत घातल्यावर पाणी देणे, ते विभागून देणे आणि मुळांपासून थोडे दूर देणे या शिफारशी याच कारणासाठी आहेत. प्रयोग पाहिल्यावर तो प्रश्न विचारणारा तरुण म्हणाला, “मागच्या साली माझ्या कोपऱ्यातल्या वाफ्याचं हेच झालं.” त्यानंतर भावाविषयीचा प्रश्न त्याने पुन्हा काढला नाही.

साल, सुकवणी आणि साठवण

हूकने पाहिलेल्या बुचाच्या पेशी मृत होत्या, हे वर सांगितलेच आहे. कांद्याची बाहेरील कागदासारखी कोरडी सालही मृत पेशींचीच असते. परंतु मृत म्हणून ती निरुपयोगी नव्हे. आतील जिवंत, रसरशीत पेशींचे पाणी राखणे आणि बुरशीस व जिवाणूंस बाहेर ठेवणे हे तिचे काम होय.

कांदा कापताच डोळ्यांस पाणी येते, ही बाब या ठिकाणी उपयोगी पडते. अखंड पेशीत गंधकयुक्त द्रव्य आणि त्यावर क्रिया करणारे विकर ही वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. विकर रसधानीत, द्रव्य तिच्या बाहेर. सुरीने पेशी फुटल्या, की दोन्ही एकत्र येतात आणि झोंबणारा वायू निर्माण होतो. काढणीच्या वेळी कुदळीचा घाव बसला अथवा कांदा उंचावरून आपटला, तरीही पेशी अशाच फुटतात. फक्त ते आपणांस दिसत नाही. फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेला रस सडीच्या जिवाणूंचे आणि काळ्या बुरशीचे अन्न होतो. चाळीतील सडीचा आरंभ पुष्कळदा शेतातच झालेला असतो.

म्हणून काढलेला कांदा पातीसह तीन-चार दिवस शेतात अशा रीतीने पसरावा, की एकाची पात दुसऱ्या कांद्यावर येईल व ऊन थेट लागणार नाही. नंतर एक ते दीड इंच मान राखून पात कापावी आणि कांदा सावलीत दहा-बारा दिवस सुकवावा. या काळात मानेच्या पेशी वाळून मिटतात व बाहेरील साल घट्ट होते. मान आखूड कापली, तर कांद्याचे दार उघडे राहते. घाव लागलेले, जोड व जाड मानेचे कांदे चाळीत भरू नयेत. ते प्रथम विकावेत.

करपा कोणता?

कांद्यावरील करपा एकच नव्हे. आपल्याकडे जांभळा, तपकिरी आणि काळा असे तीन करपे आढळतात आणि त्या तिन्हींच्या बुरशी वेगळ्या आहेत. वाळलेल्या पातीवर नुसत्या डोळ्यांनी त्यांत फरक करणे अनुभवी माणसासही कठीण जाते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यांचे बीजाणू निराळे ओळखू येतात.

ठिपक्यावर पारदर्शक चिकटपट्टी हलकेच दाबून उचलावी आणि काचपट्टीवर पाण्याच्या थेंबावर चिकटवावी. जांभळ्या करप्याचा बीजाणू तपकिरी, मुद्गलाच्या आकाराचा आणि लांब शेपटीचा असतो. त्यात आडव्या व काही उभ्या भिंती दिसतात. तपकिरी करप्याचा बीजाणूही भिंतींनी विभागलेला असतो, परंतु तो आखूड पेटीसारखा असून त्यास लांब शेपटी नसते. काळ्या करप्याचे बीजाणू रंगहीन, लांबट आणि एकाच पेशीचे असतात.

फुलकिडे आणि करपा यांचा परस्परसंबंधही ध्यानात घ्यावा. कीटकाने खरवडलेल्या जागेतून बुरशीस आत शिरणे सोपे जाते. यास्तव पातीवर दोन्ही असतील, तर केवळ बुरशीनाशक फवारून भागत नाही.

पिंपरीच्या मातीतील सूक्ष्म जीव

सूक्ष्मदर्शकाने दिसणारे सर्वच जीव आपले शत्रू नाहीत. याचे उत्तम उदाहरण कुरुळीपासून दूर नाही. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील संशोधक डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी मातीतील तंतुमय जिवाणूंचा अभ्यास केला. त्यांपैकी एका जातीस पिंपरीच्या नावावरून ‘स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना’ असे नाव देण्यात आले. त्याच जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळाले. पिकांच्या बुरशीजन्य रोगांवर वापरले गेलेले ऑरिओफंजिन हे प्रतिजैविकही याच कारखान्यातील संशोधनाचे फळ होय. आपल्या पायाखालच्या मातीतील, डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवास आपल्या परिसराचे नाव मिळाले आहे, ही गोष्ट येथील मुलांना अवश्य सांगावी.

पुण्यात १९४६ साली सुरू झालेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, म्हणजे आजची आघारकर संशोधन संस्था, हिच्याकडे बुरशींचा मोठा संग्रह आहे. राजगुरुनगर येथे १९९८ पासून कांदा व लसूण यांवरील राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. २००८ साली तीस संचालनालयाचा दर्जा मिळाला. खेड तालुक्यातील शेतकऱ्यास कांद्याविषयी शास्त्रीय सल्ला घेण्यासाठी दूर जावे लागत नाही.

यंत्राच्या मर्यादा आणि नमुना पाठविण्याची रीत

प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकास मर्यादा आहेत. एक मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. त्याच्या पाचव्या भागाहून जवळ असलेले दोन बिंदू हे यंत्र वेगळे दाखवू शकत नाही. विषाणू बहुधा त्याहूनही लहान असतात. फुलकिड्यांमार्फत पसरणारा ‘आयरिस यलो स्पॉट’ हा कांद्यावरील विषाणू या यंत्रात दिसणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील अन्य परीक्षा कराव्या लागतात. जमिनीतील अन्नद्रव्यांची उणीवही यात दिसत नाही. आणि वाळलेल्या पातीवर बुरशी दिसली, म्हणजे रोग तिनेच केला असे सिद्ध होत नाही; मेलेल्या पातीवर कुजविणाऱ्या बुरशी मागाहूनही येतात.

म्हणून नमुना घेताना पूर्ण वाळलेली पात घेऊ नये. जिच्यावर निरोगी हिरवा भाग आणि नवा ठिपका शेजारी शेजारी आहेत, अशी पात घ्यावी. शेताच्या निरनिराळ्या भागांतून पाच-सहा झाडे मुळांसकट उपटून माती झटकावी व कागदात गुंडाळावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल साठून भलत्याच बुरशी वाढतात. सोबत चिठ्ठीवर लागवडीची तारीख, वाण, लक्षण प्रथम दिसल्याचा दिवस आणि झालेल्या फवारण्या लिहाव्यात. झालेली फवारणी लपवू नये. तीमुळे निदान चुकते. नमुना शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावा.

दसपट मोठे दाखविणारे हातभिंग मात्र प्रत्येक कांदा उत्पादकाने स्वतःजवळ बाळगावे. आठवड्यातून एकदा शेताच्या चार कोपऱ्यांतील व मध्यभागातील काही झाडांच्या बेचक्या त्याने पाहाव्यात. गावच्या शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र कपाटात बंद असेल, तर शिक्षकांच्या अनुमतीने ते बाहेर काढावे आणि मुलांकरवी पातीचे नमुने पाहावेत. मुलांचे डोळे तीक्ष्ण असतात आणि त्यांस कंटाळा येत नाही.

कुरुळीच्या बैठकीनंतर यंत्र पेटीत भरत असता ते वृद्ध शेतकरी पुन्हा जवळ आले. त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेली कांद्याची चार झाडे होती. मधल्या वेळात ते घरी जाऊन आले होते. “औषध सकाळी मारायचं होतं,” ते म्हणाले, “म्हटलं आधी बघून घ्यावं.” पेटी पुन्हा उघडली. पातीवर करप्याचा बीजाणू मिळाला नाही. बेचक्यांत थोडे फुलकिडे होते, आणि तेही उपाय करावा इतके नव्हते. त्या आठवड्याची फवारणी त्यांनी केली नाही. ‘आधी बघून घ्यावे’ एवढाच या लेखाचाही सल्ला आहे.